एक्केचाळीस वाक्यं

आमच्या इंग्रजीच्या सरांना कोणी "काय सर, बरं?" असं विचारलं तर ते उत्तर देत नसत. रागावत नसत, तोंडही फिरवत नसत. समोरच्याचं वाक्य अजून संपायचं आहे अशा समजुतीनं ते त्याच्याकडे बघत उभे राहत. कारण त्यात क्रियापद नव्हतं. आमच्या कँटीनवाल्याला हे कळायला महिना लागला. तोवर तो रोज "चहा, सर?" म्हणायचा, सर त्याच्यासमोर नुसते उभे राहायचे आणि मागे आम्हा मुलींची रांग लागायची. शेवटी एक दिवस तो वैतागून म्हणाला, "आता चहा घेता का नाही घेत?" सर म्हणाले, "घेतो." आणि घेतला. त्या दिवसापासून दोघांचं चांगलं जमलं.

मी बुलढाण्यात नर्सिंग शिकत होते तेव्हाची ही गोष्ट. शाळा खासगी होती, एका मोठ्या दवाखान्याला जोडलेली. सकाळी वार्डात ड्युटी, दुपारी वर्ग. आम्ही बहुतेक मुली खेड्यांतल्या. मी रोहिणखेडच्या बाजूची. बारावीपर्यंत सगळं मराठीतून झालेलं, आणि इथे रोग्याच्या कागदावर प्रत्येक गोष्ट इंग्रजीत लिहायची. ताप आला तरी इंग्रजीत, उतरला तरी इंग्रजीत. त्यासाठी शाळेनं सरांना ठेवलं होतं. ते मोताळ्याच्या एका हायस्कुलातून रिटायर झालेले. रोज एसटीनं राजूर घाट चढून यायचे. राखाडी सफारी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि वरच्या खिशात दोन पेन्सिली. एक लाल, एक निळी. लाल मुख्य क्रियापदासाठी, निळी सहाय्यक क्रियापदासाठी.

या दोन पेन्सिलींतून इंग्रजीत छापलेलं काही सुटत नसे. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, बँकेचा फॉर्म, बिस्किटाचा पुडा, सगळ्यावर लाल-निळ्या रेघा असत. बसमध्ये शेजारच्याच्या हातातल्या कागदावर त्यांनी एकदा रेघ मारली होती. तो माणूस तहसीलमध्ये निघालेला, आणि कागद सातबाऱ्याबरोबर जोडायचा होता. मलकापूरपर्यंत जाणारी ती गाडी म्हणे मोताळ्यापर्यंत भांडणानं भरलेली होती.

दवाखान्यातल्या पाट्यांच्या बाबतीत त्यांचा नियम साधा होता. जिच्यात क्रियापद असेल ती पाटी पाळायची. 'रिमूव्ह फूटवेअर' असं लिहिलेलं असेल तिथे सर खाली बसून बुटाच्या नाड्या सोडत, मग कितीही वेळ लागो. पण 'नो एंट्री' ही पाटी त्यांच्या लेखी पाटीच नव्हती. ते सरळ आत जात. एकदा वॉचमननं अडवलं.

"सर, पाटी दिसत नाही का?"

"दिसते ना. पण तिच्यात कोणी कोणाले काहीच करू नको म्हणून राह्यलं नाही. 'प्रवेश नाही' म्हणते. नसंल. मी आणतो."

आणि गेले आत. आत एक्स-रेची खोली होती. रेडिओलॉजीचा माणूस त्यांच्यावर ओरडला, 'गेट आऊट!' सरांनी ते लगेच पाळलं.

वर्गात ते आम्हाला 'क्रियापद ओळखा' याखेरीज फारसं काही शिकवत नसत. फळ्यावर साधं वाक्य लिहायचं. 'द नर्स गिव्हज द टॅब्लेट.' क्रियापद कोणतं, काळ कोणता, असं का. बस. तीन मुलींना उभं करायचं आणि तासभर तेच. आम्हाला हे सोपं वाटायचं, पण 'इज' आला की आमचं गाडं अडायचं. क्रियापद म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द, हे आम्ही पाचवीपासून घोकलेलं. 'द डॉक्टर इज इन द वार्ड' यात क्रिया कुठे आहे? आमच्यातल्या एकीनं धीर करून विचारलं, "सर, हा इज काम काय करते?"

सर म्हणाले, "काहीच नाही करत. नुसता असते. पण त्याच्याबिगर वाक्य पुरं होत नाही. तुमच्या दवाखान्यात अशे दोन डॉक्टर हायेत. नावं सांगत नाही."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत दोन्ही डॉक्टरांपर्यंत पोचलं. दोघांनाही ते दुसऱ्याबद्दल आहे असं वाटलं, म्हणून निभावलं.

आमच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत पलंगावर एक रबरी पुतळा असायचा. त्याला आंघोळ घालणं, कूस बदलणं असं शिकायचं. सर काळ शिकवायला आम्हाला तिथे नेत. पुतळ्याशेजारी खुर्ची टाकून बसत. "'ही स्लीप्स' म्हणजे याची ती सवय. 'ही इज स्लीपिंग' म्हणजे आत्ता निजून राह्यला. 'ही स्लेप्ट' म्हणजे निजला होता, संपलं. 'ही हॅज स्लेप्ट' म्हणजे निजून उठला, आता त्याले चहा द्या." बोलता बोलता ते पुतळ्याच्या अंगावरची चादर नीट करत. बाहेरून कोणी आलं तर हे नातेवाईक आहेत असंच वाटलं असतं.

मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेवरून त्यांच्या घरात मोठा वाद झाला होता. छापखान्यानं नेहमीप्रमाणे मुलाचं नाव, मध्ये 'वेड्स', मग मुलीचं नाव असं छापून आणलं. सर म्हणाले, हा साधा वर्तमानकाळ आहे, तो सवयीसाठी असतो, याचा अर्थ माझा मुलगा या मुलीशी अधूनमधून लग्न करत असतो. त्यांनी सगळ्या पत्रिका परत पाठवल्या आणि 'इज गोइंग टु वेड' असं छापून घेतलं. मुलीकडच्या एका शिकलेल्या मामानं ते वाचून फोन केला, "अजून पक्कं नाही का तुमचं?" हे सरांनीच आम्हाला सांगितलं, हसू न आणता. घरी बायकोशी मात्र त्यांचं कधी व्याकरणावरून बिनसलं नाही. "तिचं बोलणं समदं आज्ञार्थी," ते म्हणायचे. "या. जेवा. निजा. क्रियापद शोधाच लागत नाही."

माझ्यावर सरांचा विशेष राग होता, कारण मला भूतकाळ येत नव्हता. मराठीत येत होता. इंग्रजीत आला की माझ्या हातातून आपोआप 'आयएनजी' उतरायचं. 'यस्टरडे आय अॅम गोइंग टु मोताळा.' सर पेपर हातात घेऊन माझ्या बाकाजवळ यायचे.

"काल गेली होती?"

"हो सर."

"आली वापस?"

"हो सर."

"मंग कागदावर अजून काऊन जाऊन राह्यली?"

सरांनीच त्याची मीमांसा केली होती. त्यांचं म्हणणं, दोष माझा एकटीचा नाही, सगळ्या मुलखाचा आहे. "आपल्या इकडे कोणतीच गोष्ट होऊन जात नाही. येऊन राह्यलो, जाऊन राह्यलो, जेऊन राह्यलो. माणूस तुमच्या समोर खुर्चीवर येऊन बसते आणि फोनवर सांगते, मी येऊन राह्यलो. तेच तुमच्या इंग्रजीत शिरते." मीमांसा झाली तरी मार्क वाढत नसत. पहिल्या वर्षी मी इंग्रजीत काठावर पास झाले. दुसऱ्या वर्षी इंग्रजीचा पेपर नव्हता, पण वार्डातल्या नोंदी सुधाराव्यात म्हणून शनिवारी सरांचा एक तास ठेवला होता. त्यातही माझं तेच.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मी सर्जिकल वार्डात होते. अमडापूरचे एक आजोबा हर्नियाचं ऑपरेशन होऊन एक दिवस झालेले. माणूस बोलका. सकाळभर मला शेतातल्या विहिरीबद्दल सांगत होते. दुपारी दोनच्या सुमाराला गप्प झाले. कपाळाला घाम, हात गार. मी बीपी घेतलं तर ऐंशी-पन्नास. नाडी एकशेवीस. पुन्हा घेतलं, तेवढंच. वार्डाच्या सिस्टर जेवायला गेल्या होत्या. मी वऱ्हांड्यात पळाले. ड्युटीवरचे डॉक्टर ऑपरेशन थिएटरकडे निघाले होते, कानाला फोन. मी त्यांना सांगितलं. आकडे सांगितले. ते फोन न काढता म्हणाले, "हो हो, बघतो." आणि आत गेले.

मी परत आले, आजोबांचे पाय उंच केले, सलाईन वाढवलं आणि कागदावर लिहिलं. वेळ, बीपी, नाडी, आणि पुढे 'आय अॅम टेलिंग डॉक्टर.'

डॉक्टर चार वाजता आले. तोवर जेवून आलेल्या सिस्टरनी थिएटरमध्ये दोन निरोप धाडले होते. आजोबांना आतून रक्तस्राव होत होता. पुन्हा उघडावं लागलं, रक्त चढवलं, चार दिवस आयसीयूत ठेवलं. वाचले. पण अमडापूरहून दोन गाड्या भरून माणसं आली आणि त्यांनी विचारलं, दोन ते चार माणूस तसाच काऊन ठेवला? प्रश्न रास्त होता. डॉक्टरांनी सांगितलं, निरोप आले ते उशिरा, दोन वाजता मला कोणी कळवलंच नाही. वऱ्हांड्यातला कॅमेरा महिन्यापासून बंद होता. मग सगळ्यांनी माझा कागद पाहिला.

चौकशी सोमवारी ठरली. प्राचार्य मॅडमनी मला शुक्रवारीच बोलावून सांगितलं की घरी कळवून ठेव, बहुधा तुझं नाव कमी करावं लागेल. मी घरी कळवलं नाही. काय कळवणार? बाबांनी माझ्या अॅडमिशनच्या दिवशी साऱ्या गल्लीत पेढे वाटले होते. त्या रात्री मी जेवले नाही. शनिवारी तास झाल्यावर सरांनी मला थांबवलं.

"तू डॉक्टरले सांगितलं का सांगणार होती?"

"सांगितलं, सर."

"त्यानं ऐकलं?"

"'बघतो' म्हणाले."

सरांनी फळा पुसला. मग म्हणाले, "मराठीत तुझा काळ पक्का हाय." आणि बस पकडायला निघून गेले. मला वाटलं, झालं एवढंच.

सोमवारी ते पहिल्या गाडीनं आले. हातात सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. चौकशीच्या खोलीवर 'मीटिंग इन प्रोग्रेस' अशी पाटी लावली होती. सर ती वाचून आत आले.

टेबलाशी प्राचार्य मॅडम, संस्थेचे एक ट्रस्टी जे पेशानं वकील होते, आणि ते डॉक्टर. मी भिंतीला टेकून उभी. वकीलसाहेब सरांना बघून नाराज झाले नाहीत, उलट खूश झाले.

"बरं झालं तुम्ही आलात. तज्ज्ञच हवा होता. 'आय अॅम टेलिंग डॉक्टर.' हा चालू वर्तमानकाळ. म्हणजे सांगण्याची क्रिया पूर्ण झालेली नाही. बरोबर?"

"बरोबर," सर म्हणाले.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"वाक्य चालू वर्तमानकाळाचं आहे," सर सावकाश शुद्ध बोलत होते, जसे ते फक्त साहेब लोकांशी बोलत. "पण ते कोणी लिहिलं हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही." त्यांनी सुतळी सोडली. "हे या मुलीचे दीड वर्षाचे पेपर. यात घडून गेलेल्या गोष्टींबद्दलची एक्केचाळीस वाक्यं आहेत. मी खुणा केल्या आहेत. आपण वाचावीत."

वकीलसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. काल मी मोताळ्याला जात आहे. मागच्या दिवाळीत माझी आई चकल्या करत आहे. मागच्या वर्षी माझे आजोबा मरत आहेत. इथे ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

"आजोबा आहेत का तुझे?"

"नाही साहेब. गेले."

"साहेब," सर म्हणाले, "हिच्या इंग्रजीत गेलेला माणूस दीड वर्ष जाऊनच राहिलेला आहे. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. ही मुलगी झालेली गोष्ट दुसऱ्या कोणत्याच प्रकारे लिहीत नाही. तिच्या हातचं 'अॅम टेलिंग' म्हणजे 'सांगितलं'."

डॉक्टर पहिल्यांदा बोलले. "किंवा 'सांगणार आहे'. ते कशावरून नाही?"

सर बहुतेक याचीच वाट पाहत होते. त्यांनी दुसरे कागद काढले. "सांगणार असती तर तिनं 'विल' लिहिलं असतं. हे पाहा. उद्या मी रोग्याला आंघोळ घालीन. उद्या मी गावी जाईन. सगळीकडे विल. भविष्यकाळ हिचा चांगला आहे."

वकीलसाहेब कागद उलटेपालटे करत होते. ते हुशार गृहस्थ होते. त्यांनी दुसरीकडून धरलं.

"म्हणजे सर, दीड वर्ष तुम्ही शिकवलंत आणि या मुलीला साधा भूतकाळ आला नाही?"

"नाही आला."

"हे तुमच्याच विरुद्ध जातं, कळतंय ना तुम्हाला?"

"कळते ना साहेब." सरांची शुद्ध भाषा आता संपली होती. "मी शिकवला. तिले आला नाही. दोन्ही वाक्यं पुरी हायेत. लिहून घ्या आणि मले सही करू द्या."

मॅडमनी लिहून घेतलं. सरांनी सही केली, खाली मोताळा असं गावही टाकलं. मग वकीलसाहेब डॉक्टरांकडे वळले. "ही मुलगी तुम्हाला भेटली होती का?"

"भेटली असेल," डॉक्टर म्हणाले.

"असंल नको," सर खुर्चीतून म्हणाले. "होती का नव्हती?"

डॉक्टरांनी टेबलावरचा फोन उचलून खिशात टाकला. मग म्हणाले, "काहीतरी म्हणाली होती. मी थिएटरमध्ये जात होतो."

माझं नाव कमी झालं नाही. नोंदी नीट लिहाव्यात अशी मला लेखी समज मिळाली, ती मी अजून जपून ठेवली आहे. डॉक्टरांना तोंडी समज मिळाली, ती त्यांनी कुठे ठेवली माहीत नाही. आजोबा पंधरा दिवसांनी टाके दाखवायला आले तेव्हा माझ्यासाठी हरभऱ्याची भाजी घेऊन आले, आणि त्यांची विहीर राहिलीच होती सांगायची, ती सांगितली. आता मी एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नोंदी बऱ्या लिहिते. भूतकाळ तिसऱ्या वर्षी कधीतरी आपोआप आला. सर गेल्यानंतर.

सरांना वर्षअखेर काढलं. त्यांचं शिकवणं समाधानकारक नसल्याचं त्यांनी स्वतःच सहीनिशी मान्य केलं आहे, असं कारण दिलं. पत्र इंग्रजीत होतं. 'युवर सर्व्हिसेस आर नॉट रिक्वायर.' सरांनी 'आर'खाली निळी रेघ मारली, 'रिक्वायर'खाली लाल, शेवटी एक 'डी' जोडला आणि पत्र ऑफिसात परत दिलं. क्लार्कनं ते दुरुस्त करून पुन्हा छापून दिलं, तेव्हा घेतलं. त्यांच्या जागी आलेल्या सरांनी आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवून इंग्रजी शिकवलं. कोणाशीही ते लगेच बोलायचे.

पण मला सांगायचंय ते चौकशीच्याच दिवसाचं. मीटिंग संपल्यावर सर गठ्ठा काखेत मारून निघून गेले. मी अॅप्रनवरच बसस्टँडवर पळाले. सर मलकापूरच्या फलाटावर बाकावर बसले होते. मी जाऊन उभी राहिले. पाया पडायचं मनात होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. कारण खोलीत उभी असल्यापासून एक गोष्ट मला टोचत होती.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"दुसऱ्या चाचणीत मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनवर लिहिलं होतं. पट्टी काढली, तिनं मले पाह्यलं, ती रडली. तिन्ही क्रियापदं बरोबर होती सर. तुम्ही खाली 'गुड' लिहिलं होतं. मले तेवढं एकदाच भेटलं, म्हणून ध्यानात हाय." मी गठ्ठ्याकडे पाहिलं. "तो पेपर याच्यात नव्हता."

सर समोरच्या भिंतीवरचं वेळापत्रक वाचू लागले. ते मराठीत होतं.

"तो घरी राह्यला," ते म्हणाले.

"राह्यला का ठेवला, सर?"

सर उठले. गठ्ठा सावरला, खिशातल्या दोन्ही पेन्सिली चाचपल्या आणि फलाटाला लागलेल्या गाडीकडे भराभर चालू लागले. पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी मागे पाहिलं.

"जाय तू आता, ड्युटी हाय तुही. गाडी सुटून राह्यली."

ते आत जाऊन खिडकीशी बसले आणि सरळ समोर बघू लागले. मी तिथेच उभी राहिले. गाडीचं इंजिन बंद होतं. ड्रायव्हर पलीकडच्या टपरीवर होता, आणि त्यानं नुकताच चहा सांगितला होता.